‘कॅटॅलिस्ट मेला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : मी सुरतजवळ कोसाडला राहतो आणि अंकलेश्वरच्या एका कारखान्यात हायड्रोजनेशन विभागात काम करतो. उत्प्रेरक क्रियेचा वेग वाढवतो, स्वतः खर्ची पडत नाही, असं शाळेत शिकलो होतो. इथे मात्र काही बॅच झाल्या की ऑपरेटर म्हणतात, ‘कॅटॅलिस्ट मेला’, आणि ती काळी पूड ओलीच पिंपात भरून बाहेर जाते. न संपणारी वस्तू मरते कशी? पुन्हा जिवंत होते का?

उत्तर : शाळेचं पुस्तक बरोबरच आहे. फक्त पुस्तकातला उत्प्रेरक शुद्ध मालात काम करतो आणि तुमचा ऑटोक्लेव्हमध्ये.

तुमची काळी पूड बहुधा कोळशावर चढवलेलं पॅलेडियम असावी. हायड्रोजनचा रेणू धातूच्या पृष्ठभागावर फुटतो, त्याचे अणू तिथे टेकतात, शेजारी नायट्रो संयुग येऊन बसतं, दोघांची गाठ पडते आणि तयार झालेलं अमाइन उठून जातं. जागा मोकळी झाली की पुढचा रेणू बसतो. सगळा खेळ या जागांचा आहे. कोसाडहून सकाळची गाडी पकडताना तुम्हाला तो वेगळा सांगायला नको. आता असा एक प्रवासी कल्पा, जो बसतो आणि शेवटच्या स्टेशनावरही उतरत नाही. तो म्हणजे गंधक, आणि पहिलं मरण त्याच्या विषाचं.

थोडा हिशेब करू. 5 टक्के पॅलेडियम असलेल्या 1 किलो कोरड्या पुडीत 50 ग्रॅम पॅलेडियम. त्याचे एक तृतीयांश अणू पृष्ठभागावर आहेत असं धरलं, तर प्रत्येकाला एक गंधकाचा अणू चिकटवायला साधारण 5 ग्रॅम गंधक पुरतं. 100 किलो कच्च्या मालात दहा लाखाला 50 भाग गंधक असलं की झाले 5 ग्रॅम! प्रत्यक्षात तेवढंही लागत नाही, कारण गंधकाचा एक अणू एकाहून जास्त जागा अडवू शकतो. म्हणून बॅच रेंगाळली की कॅटॅलिस्टला शिव्या देण्याआधी कच्च्या मालाचा रिपोर्ट मागावा, असं माझं मत आहे.

गंधकही सगळं सारखं नसतं. थायोल, सल्फाइड, थायोफीन यांच्यात त्याच्याकडे इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी असते. तीच धातूला धरते. सल्फेटमध्ये ते चारी बाजूंनी ऑक्सिजनने वेढलेलं असतं, त्यामुळे बरंच निरुपद्रवी. बेरियम सल्फेटवर पॅलेडियम चढवून तर रोझेनमुंडच्या पद्धतीत नेहमीच वापरतात. आणि विष मुद्दाम घालणारेही आहेत. हर्बर्ट लिंडलार यांनी 1952 मध्ये पॅलेडियमला शिसं आणि क्विनोलीन देऊन असं मंदावलं, की तिहेरी बंध दुहेरीपर्यंत येऊन थांबतो. पूर्ण जागं असलेलं पॅलेडियम तिथे थांबलं नसतं.

दुसरं मरण गुदमरण्याचं. डांबरासारखे जड पदार्थ कोळशाच्या छिद्रांत बसतात आणि धातूपर्यंत वाटच उरत नाही. मुंबईत शिवडीला डालडा बनू लागला (1937 साली तो बाजारात आला) त्या धंद्यातही ही अडचण होतीच. तिथला उत्प्रेरक निकेल, आणि तेलातले चिकट फॉस्फेटाइड आणि साबणाचे अंश त्याच्यावर लेप देतात. म्हणून आधी तेल स्वच्छ करायचं आणि मगच निकेल घालायचं. गाळून काढलेलं निकेल थोडी ताजी भर घालून पुन्हा चालवायचं, ही त्या धंद्यातली जुनी रीत.

तिसरं मरण उष्णतेचं. निकेल वितळतं 1455 अंशांना, पण त्याचे पृष्ठभागावरचे अणू 245 अंशांच्या आसपासच जागा सोडून भटकू लागतात. बारीक कण एकमेकांत मिसळून जाड होतात, धातू तेवढाच राहतो आणि पृष्ठभाग घटतो. चौथं म्हणजे झिजणं : आम्लात धातू विरघळतो, किंवा अतिबारीक पूड फिल्टरच्या कापडातून निसटते.

आता जिवंत करण्याचं. मरण कोणतं, त्यावर उपाय ठरतो. गुदमरलेल्याला गरम द्रावकाने धुऊन बरीच शक्ती परत येते. रिफायनरीत अ‍ॅल्युमिनावरच्या उत्प्रेरकावर साचलेला कोक चक्क जाळतात. नायट्रोजनमध्ये सुरुवातीला जेमतेम टक्काभर ऑक्सिजन सोडून, अगदी सावकाश. घाई केली तर आग भडकते आणि कोक जाताजाता धातूचे कणही गोळा होतात. प्लॅटिनमचे असे जाड झालेले कण ऑक्सिजन आणि क्लोरीन देऊन पुन्हा विखुरताही येतात. तुमच्या पुडीवर मात्र जाळण्याचा इलाज चालत नाही, कारण तिचा आधारच कोळसा! घाणीबरोबर तोही जळेल. आणि गंधक घट्ट बसलं असेल तर धुण्यानेही फारसं साधत नाही.

म्हणून पिंपं धातू परत काढणाऱ्यांकडे जातात. तिथे कोळसा जाळतात, राख अम्लराजात विरघळवतात आणि पॅलेडियम वेगळं करतात. तेच पुन्हा नव्या कोळशावर चढतं. पिंप देताना नमुना काढून धातू मोजला जातो आणि पैसे त्यावर ठरतात, त्यामुळे फिल्टरखाली सांडलेली पूड झाडून नाल्यात लोटणं म्हणजे पैसा ओतणं. शिवाय वापरलेला उत्प्रेरक घातक कचऱ्याच्या नियमांत येतो.

आणि ती पूड ओली का ठेवतात, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मेलेल्या कॅटॅलिस्टवरही हायड्रोजन चिकटलेला असतो. फिल्टरवरचा केक कोरडा पडला आणि हवा लागली की तो आपोआप पेटतो. जवळ मिथेनॉलची वाफ असली तर ती आग तुमच्यापर्यंत यायला वेळ लागत नाही. तेव्हा नायट्रोजन चालू असल्याची खात्री केल्याशिवाय फिल्टर उघडू नका, आणि पिंपाचं झाकण लावण्याआधी पूड पाण्यात पुरती बुडाली आहे ना, ते स्वतः पाहा.