भार आणि बळ : नित्याच्या कामासाठी लॅपटॉपची निवड

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ साली ‘परम प्रवेग’ नावाचा महासंगणक कार्यान्वित झाला. दर सेकंदाला सुमारे तेहतीस लाख अब्ज गणितक्रिया करण्याची त्याची क्षमता आहे. अशा महासंगणकाकडून काम करून घेणाऱ्या संशोधकाच्या पिशवीत मात्र जेमतेम एक किलोग्रॅम वजनाचा लॅपटॉप असला तरी त्याचे अडत नाही. प्रश्न मांडून तो जाळ्याद्वारे महासंगणकाकडे धाडावयाचा आणि उत्तर आले की वाचावयाचे, एवढेच त्या लहान यंत्राचे काम. अवजड गणना एका ठिकाणी होते, लेखन-वाचन दुसऱ्या ठिकाणी. ह्या साध्या विभागणीत एका नित्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. रोज बरोबर न्यावयाचा संगणक बलवान असावा, की हलका?

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नव्हे. ग्रंथालयाचे अनुदान असो वा कुटुंबाची शिल्लक, ती एकदा खर्ची पडली म्हणजे चार-पाच वर्षे त्याच यंत्रावर भागवावे लागते. यास्तव निवडीपूर्वी बळ आणि भार ह्यांचा संबंध नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

वेगाचे मोल

संगणकाच्या प्रक्रियकात अतिसूक्ष्म विद्युत्-कळा असतात. त्या ठरावीक तालावर उघडतात व मिटतात. हा ताल जितका जलद, तितकी गणना अधिक. परंतु ताल वाढवावयाचा तर बहुधा विद्युद्दाबही वाढवावा लागतो. खर्च होणारी शक्ती तालाच्या प्रमाणात वाढते, आणि दाबाच्या तर वर्गाच्या प्रमाणात वाढते.

एक उदाहरण घेऊ. ताल व दाब दोन्ही सव्वापट केले, तर शक्तीचा खर्च १.२५ × १.२५ × १.२५, म्हणजे सुमारे १.९५ पट होतो. वेग वाढला पाव हिश्श्याने. खर्च झाला जवळजवळ दुप्पट.

खर्च झालेल्या ह्या शक्तीची अखेर उष्णता होते. ती बाहेर घालविण्यासाठी तांब्याच्या नळ्या, धातूच्या पट्ट्या आणि पंखे बसवावे लागतात. त्यांना जागा हवी, म्हणून पेटी जाड होते. अधिक शक्ती पुरविण्यासाठी बॅटरी मोठी लागते व बाहेरचा विद्युत्-पुरवठा करणारा ठोकळाही जड होतो. अशा रीतीने वेगाचे मोल वजनाच्या रूपाने चुकते करावे लागते.

बॅटरीचा हिशेब

बॅटरीत साठलेली ऊर्जा वॉट-तासांत मोजतात. समजा, एका हलक्या यंत्रात ५० वॉट-तासांची बॅटरी आहे आणि लेखन-वाचनाच्या कामात ते सरासरी ६ वॉट शक्ती घेते. भागाकार केला असता ते आठ तासांहून अधिक चालेल असे दिसते. दुसऱ्या, बलवान यंत्रात ९० वॉट-तासांची बॅटरी आहे. पण तेच काम करताना ते २० वॉट घेते. ते साडेचार तासांत थांबेल. बॅटरी मोठी असूनही यंत्र आधी थकते. ह्यावर आणखी मोठी बॅटरी हा उपाय फार दूर जात नाही. कारण विमानप्रवासात १०० वॉट-तासांहून मोठी बॅटरी विमान कंपनीच्या अनुमतीवाचून नेता येत नाही.

वजनाचा हिशेब विद्यार्थ्यांना अधिक जवळचा वाटेल. दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असे भारत सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात सांगितले आहे. तीस किलोग्रॅम वजनाच्या मुलाला ही मर्यादा तीन किलोग्रॅमची पडते. अडीच किलोग्रॅमचा बलवान लॅपटॉप आणि पाऊण किलोग्रॅमचा त्याचा ठोकळा एवढ्यानेच ती ओलांडली जाते. वही-पुस्तक व डबा ह्यांना जागाच उरत नाही.

वाट कोण पाहतो?

आता कामाकडे पाहू. मिनिटाला चाळीस इंग्रजी शब्द टंकणारा मनुष्य सेकंदाला तीन-चार कळा दाबतो. प्रक्रियकाचा ताल सेकंदाला दोन अब्ज ठोक्यांचा धरला, तर दोन कळांमधील अवकाशात निदान पन्नास कोटी ठोके पडून जातात. अर्थात लेखनाच्या कामी यंत्र मनुष्याची वाट पाहत असते, मनुष्य यंत्राची नव्हे. त्या यंत्राचा वेग दुप्पट केला, तर ते दुप्पट स्वस्थ बसेल इतकेच.

मग काही जुने संगणक साध्या कामातही रखडतात ते का? बहुधा त्यांतील फिरत्या तबकडीमुळे. तबकडीवरील माहिती शोधण्यास तिच्या वाचक-टोकाला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो; फिरता भाग नसलेल्या घन साठवणीला त्याच्याही शंभराव्या हिश्श्याइतका वेळ पुरतो. शिवाय कार्य-स्मृती अपुरी असली की यंत्र वारंवार साठवणीकडे धाव घेते. म्हणून नित्याच्या कामासाठी प्रबळ प्रक्रियकापेक्षा पुरेशी स्मृती आणि घन साठवण ह्यांचा लाभ अधिक जाणवतो.

बंगळूरचा एक धडा

यंत्राच्या बळापासून नव्हे, तर माणसाच्या गरजेपासून आरंभ करावा, हा विचार बंगळूरला नवा नाही. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे अध्यापक आणि विनय देशपांडे ह्यांच्या एन्कोर सॉफ्टवेअर कंपनीतील अभियंते ह्यांनी मिळून ‘सिंप्युटर’ हा हातात मावणारा संगणक घडविला. त्याचे पहिले रूप २००१ साली लोकांपुढे आले. त्याच्या प्रक्रियकाचा ताल २०६ मेगाहर्ट्‌झ एवढाच होता आणि लहान आकाराच्या तीन विद्युत्-घटांवर तो चाले. तथापि अक्षरओळख नसलेल्याला मजकूर भारतीय भाषांत वाचून दाखविण्याची सोय त्यात होती, आणि एकच यंत्र अनेकांनी वापरावे म्हणून प्रत्येकाची माहिती वेगळ्या कार्डावर ठेवण्याची योजना होती. २००४ साली तो ‘अमिडा’ ह्या नावाने बाजारात आला. पुढे २००५ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या साहाय्याने एन्कोरने ‘मोबिलिस’ हा हलका संगणकही तयार केला.

ह्या यंत्रांचा खप अपेक्षेच्या मानाने अल्पच झाला. त्याच वर्षांत मोबाइल टेलिफोन स्वस्त होऊन घरोघरी पोहोचला, आणि नेहमीच्या संगणकांच्या किमतीही उतरल्या. बळ अल्प असणे हा त्यांचा दोष नव्हता. परंतु नुसता हलकेपणाही पुरेसा ठरला नाही. सभोवतीची साधने बदलली की गरजेचे मोजमापही पुन्हा करावे लागते.

हलकेपणाच्या मर्यादा

हलक्या यंत्राची बाजू घेताना त्याची उणीव झाकणे योग्य नव्हे. पातळ पेटीतून उष्णता सावकाश निघते. म्हणून दीर्घकाळ भारी काम दिले की प्रक्रियक स्वतःला जपण्यासाठी वेग उतरवितो. जोडण्यांची छिद्रे मोजकी असतात. कित्येक यंत्रांत स्मृती कायमची डाखलेली असल्याने ती मागाहून वाढविता येत नाही. जी घ्यावयाची ती प्रथमच पुरेशी घ्यावी लागते.

चलच्चित्रांचे संपादन, त्रिमितीय आराखडे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे मोठे प्रशिक्षण ही ज्याची रोजची कामे आहेत, त्याला बलवान यंत्रच हवे. मात्र असे यंत्र बहुधा मेजावरच राहावयाचे असेल, तर लॅपटॉपऐवजी मेजावरचा संगणक घ्यावा. त्याच खर्चात तो अधिक काम देतो व थंडही राहतो.

सारांश, वर्षातून दोनदा पडणाऱ्या कामासाठी रोज भार वाहणे शहाणपणाचे नाही, आणि रोज पडणाऱ्या कामाला दुबळे ठरणारे यंत्र, ते कितीही हलके असले तरी, स्वस्त नव्हे. प्रथम आठवडाभराच्या कामांची यादी करावी आणि मग दुकानाची पायरी चढावी.

अभ्यास

१. ताल व विद्युद्दाब दोन्ही दीडपट केल्यास शक्तीचा खर्च किती पट होईल?

२. ६० वॉट-तासांच्या बॅटरीवर दहा तास काम करावयाचे आहे. यंत्राने सरासरी किती वॉटहून अधिक शक्ती घेता कामा नये?

३. आपल्या शाळेतील किंवा ग्रंथालयातील संगणकावर आठवडाभर होणाऱ्या कामांची नोंद ठेवा. त्यांपैकी कोणत्या कामात मनुष्याला यंत्राची वाट पाहावी लागली, आणि कोणत्या कामात यंत्राला मनुष्याची?