शुगर लपवून विमा काढू नका

प्रश्न : देवगाव फाट्यावर माझं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. आई ७२ वर्षांची, मला शुगर. एजंट म्हणतो, फॉर्मात शुगर लिहू नका, हप्ता कमी बसेल. काय करू?

उत्तर : लिहाच. लपवलेला आजार दवाखान्याच्या जुन्या कागदांत सापडतो, क्लेम नाकारला जातो आणि भरलेले हप्ते पाण्यात जातात. खरं सांगितलंत तर आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागेल.

पण आधी रेशनकार्ड बाहेर काढा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता कोणत्याही रंगाच्या कार्डाला लागू आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, हप्ता शून्य. मात्र उपचार यादीतला हवा, रुग्णालय योजनेतलं हवं. रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत. परभणीला न्या की जालन्याला, डिपॉझिट भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा. आधी पैसे भरले की ते परत मिळवताना नाकी नऊ येतात. गरीब माणूस बुडतो तो इथेच. आईंचं वय पाहता त्यांचं ज्येष्ठांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्डही आधारवर लगेच काढून घ्या.

एवढं करूनही पॉलिसी परवडत असेल तर जरूर घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. एजंटाने तो हप्त्यात धरलाय का, तेवढं विचारा.