मीटिंग संपली की लगेच उठू नकोस

हे बघ राजा, पहिली गोष्ट मीटिंगची नाहीच, डॉक्टरची आहे. सकाळी हात थरथरत असतील आणि थोडी घेतल्यावरच थांबत असतील, तर रागाच्या भरात बाटली मोरीत ओतून शपथ घेऊ नकोस. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात, प्रसंगी जिवावर बेततं. डॉक्टरला खरा आकडा सांग. बहुतेक जण निम्मा सांगतात आणि मग औषधाचा अंदाज चुकतो.

आता ग्रूप. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, आपण सगळे एए म्हणतो ते, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात सुरू झालं. शेअर बाजारात वावरणारा एक माणूस कामासाठी तिथे गेला होता. सौदा फिसकटला आणि हॉटेलातला बार दिसायला लागला. त्याने फोन फिरवून फिरवून गावातला दुसरा दारुडा शोधला, तो निघाला सर्जन. दोघे तासन्‌तास बोलत बसले. अजूनही एवढंच चालतं: एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी खरं बोलतो. म्हणून तिथे कुणी उपदेश करील, या भीतीने अडू नकोस.

शोधायचं कसं? सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४४६. फोनला पैसे पडत नाहीत. व्यसनमुक्ती केंद्रात विचार. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे आणि तिथून बाहेर पडलेल्यांचा पाठपुरावाही होतो. एएच्या मीटिंगा मात्र शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, कुठे कुठे दवाखान्यात भरतात. बाहेर मोठी पाटी शोधत बसशील तर गल्लीतूनच परत येशील. आधी फोन कर. वेळ पक्की कर, मीटिंग मराठीत आहे की हिंदीत ते विचार, आणि ओपन की क्लोज्ड हेही विचार. ओपनला घरचं माणूस सोबत चालतं, क्लोज्डला फक्त ज्याला दारू सोडायची आहे तोच. बाईमाणूस असेल तर जुन्या महिला मेंबरचा नंबर मागावा, बिचकू नये.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी पोच. तिसरीच्या वर्गातले बाक असतील तर गुडघे मावायचे नाहीत, टेबलावर स्टीलच्या किटलीत चहा असेल. शेवटच्या बाकावर दाराजवळ बसू नकोस, तिथून पळणं फार सोपं असतं. आडनाव कुणी विचारणार नाही. बोलावंसं वाटलं नाही तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हण, चालतं. एक जण बोलताना दुसरा मध्ये तोंड घालत नाही, नंतर सल्लाही देत नाही. पिशवी फिरेल, त्यात नवख्याने काही टाकायची गरज नाही, फी नसतेच. प्रार्थना होते. देवावर विश्वास नसेल तर गप्प उभा राहा, तेवढ्यासाठी मीटिंग सोडू नकोस.

आणि संपली की लगेच चप्पल शोधू नकोस. माझं मत विचारशील तर मीटिंगपेक्षा नंतरच्या चहाचं मोल जास्त. सगळ्यांसमोर जे तोंडातून निघत नाही ते कप हातात घेऊन निघतं. पगाराच्या दिवशी घरी कोणत्या रस्त्याने जायचं, लग्नात मित्राने ग्लास पुढे केला तर काय म्हणायचं, असली बारीक बारीक अक्कल तिथेच मिळते. दोन-तीन जणांचे नंबर घेऊन ठेव आणि फोन पिण्याआधी कर. प्यायल्यावर केलेल्या फोनवर समोरचा काय करणार? पुढे त्यातलाच एखादा बरीच वर्षं सोबर असलेला, तुझं ऐकून घेणारा माणूस स्पॉन्सर म्हणून धर. गोड बोलणाराच हवा असं नाही.

एक ग्रूप नाही पटला तर दुसरा बघ. एका मीटिंगवरून ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणणारे पुष्कळ पाहिलेत. तसेच श्रावणातले. ‘महिनाभर शिवली नाही, म्हणजे मी दारुडा नाहीच’ असं म्हणतात आणि तारखेवर डोळा ठेवून बसतात. माळ घालून दारू सोडलेलेही आहेत, त्यांचा मला आदर आहे. पण माळ आणि मीटिंग दोन्ही सुखाने एकत्र चालतात. घसरलास तर दुसऱ्याच दिवशी मीटिंगला ये. तोंड लपवून बसण्यात नुकसान अधिक होतं.

सूनबाईंना निरोप दे: चहात गुपचूप औषध घालण्याच्या जाहिरातींना भुलू नका. डिसल्फिरामसारख्या गोळीवर दारू पोटात गेली तर माणूस दगावू शकतो. त्यांनी स्वतःसाठी अल-अ‍ॅनॉनला जावं. तो घरच्यांचा ग्रूप आहे, आणि तू मीटिंगला गेलास न गेलास तरी त्यांना तिथे जाता येतं.

बाकी सगळं नंतर बघू. आधी फोन लाव आणि आज संध्याकाळी जवळपास कुठे मीटिंग आहे ते विचार.