ओल्या गोठ्यात वेत नको

आषाढ लागला की वसईतल्या पापडी, उमेळे, गिरीज, सांडोर या भागातून एकच तक्रार कानावर येते. म्हैस सुखरूप व्याली, पारडू धडधाकट होते, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने दूध सोडले. बेंबी सुजली, गुडघे फुगले आणि आठवडा संपायच्या आत ते गेले. कुठे गायीची वार अडकली, तीही तापाने फणफणली. मग मला विचारतात, साहेब, ही कोणती साथ? साथ वगैरे काही नाही. जनावर जिथे व्यायले ती जागा ओली होती, आणि यंदाही ती ओलीच आहे.

दिवाळीच्या सुमारास फळलेली म्हैस साधारण ३१० दिवसांनी, म्हणजे श्रावण-भाद्रपदात विते. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे बावखले, म्हणजे वाडीतली तळी, तुडुंब असतात आणि पावसाचे पाणी जोत्याला लागलेले असते. जुलै २०१८ मध्ये वसईत लोकल बंद पाडणारे पाणी आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तेवढा पूर यावा लागत नाही. गोठ्यात बोटभर ओल राहिली तरी पुरे होते.

नुकत्याच जन्मलेल्या वासराची नाळ हे थेट रक्तात उघडणारे दार असते. नाळेतली शीर यकृताकडे जाते. शेणामुतातले जंतू त्या वाटेने आत शिरतात आणि तिथून सांध्यांत जाऊन बसतात. गुडघे सुजलेले दिसतात तोवर इंजेक्शनाची वेळ बहुधा टळून गेलेली असते. वाचलेच तर वासरू लंगडे राहते, खुरटते. म्हणून सांगतो, औषधाचा खर्च जागेवर करा.

एका तबेल्यातले वेत मी विसरू शकत नाही. म्हैस नेहमीच्या जागीच आखूड दाव्याने बांधलेली होती आणि मागे मुताची नाली वाहत होती. पारडू बाहेर आले ते डोक्यावर त्या नालीत. नाळ तुटून त्याच घाण पाण्यात पडली. मालकाने पारडू उचलून गोणपाटाने पुसले, वरून हळद दाबली आणि काम झाले असे त्याला वाटले. त्या पारड्याच्या बेंबीत पुढे अळ्या पडल्या. आजही बहुतेक गोठ्यांत गाभण जनावर त्याच जागी, नालीकडे पाठ करूनच बांधलेले असते.

नाळेवर हळद, राख, शेण, गाडीचे जुने ऑइल, जे हाताला लागेल ते लावतात. हे सगळे बंद करा. नाळ आपोआप तुटली नसेल तर पोटापासून दोन-तीन इंच सोडून उकळलेल्या दोऱ्याने बांधा, त्याच्या खाली नव्या ब्लेडने कापा. मग छोट्या भांड्यात टिंक्चर आयोडीन घेऊन नाळ त्यात बुडवा. नुसता बोळा फिरवून भागत नाही. नाळ वाळेपर्यंत सकाळ-संध्याकाळ हेच करायचे. बाटली गोठ्यात आधीच आणून ठेवा. पापडीच्या बाजारात ती सहज मिळते, पण रात्री दोन वाजता नाही.

आता जागेचे. आमच्याकडे जागाच नाही, हे मी सगळ्यांत जास्त ऐकतो. पश्चिम पट्ट्यात वाडी गुंठ्यांवर आली आहे, हे मलाही दिसते. पण वेण्यासाठी वेगळा वाडा लागत नाही. दहा फूट रुंद आणि बारा-तेरा फूट लांब एवढा आडोसा पुरतो, आणि वीसेक जनावरांमागे तो एकच बस होतो. मागची पडवी, गाडी ठेवायचा गाळा, पेंढ्याच्या खोलीचा अर्धा भाग, काहीही चालेल. मोटारसायकल महिनाभर पावसात उभी राहिली तर तिचे काही बिघडत नाही.

गेल्या पावसाळ्यात पाणी जिथवर चढले होते ती खूण भिंतीवर शोधा. जोते तिच्याहून दोन फूट वर हवे. जमीन खडबडीत कोब्याची, चार फुटांमागे एक इंच उतार देऊन केलेली. चकचकीत लाद्या बसवण्याची हौस गोठ्यात नको. वेण्याच्या बेतातली एक पहिलारू कालवड अशाच ओल्या लादीवर घसरली, मागचे दोन्ही पाय फाकले आणि ती पुन्हा उठली नाही. मालकाने लाद्यांवर बराच पैसा घातला होता. रबरी चटई टाकणाऱ्यांनी ती एकदा उचलून खाली काय साचले आहे ते बघावे.

वर भाताचा सुका पेंढा अर्धा फूट जाडीचा पसरा. बुरशीचा वास येणारा पेंढा चालणार नाही. त्यावर गुडघे टेकून मिनिटभर बसा. लेंगा ओला झाला तर जागा तयार नाही, अजून पेंढा घाला. रोज सकाळी ओला भाग काढून तिथे कोरडा टाकायचा. दिवसातून तीनदा फिनेलचे पाणी ओतणारे लोक आहेत. त्यांना वाटते स्वच्छता होते आहे. प्रत्यक्षात ते ओल वाढवतात आणि माशा तशाच राहतात. चुना मारायचा तर जागा रिकामी असताना मारा आणि पेंढ्याआधी झाडून काढा, नाहीतर तोच चुना कास आणि सड भाजतो. ताडपत्री नैऋत्येकडून, म्हणजे पावसाच्या तोंडाला बांधा. चारही बाजू बंद केल्या तर मुताची वाफ आत कोंडते, आणि ती वासराच्या छातीत उतरते.

जनावर तारखेच्या दोन आठवडे आधी इथे आणा आणि मोकळे सोडा. नव्या जागेची त्याला सवय होते, तिथल्या जंतूंविरुद्धची ताकदही चिकात उतरते. आणि हा चीक! वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, हा समज अजून घराघरांत आहे. वासराला आईच्या पोटात असताना ही रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. चोवीस तासांनंतर आतडी ती जवळजवळ घेतच नाहीत. म्हणून तासाभरात पहिला चीक पोटात गेला पाहिजे आणि पहिल्या दिवसात वजनाच्या एक दशांश. तीस किलोच्या वासराला तीन लिटर.

तबेलेवाल्यांना स्पष्ट सांगायचे आहे. पारडू गेले तर तेवढे दूध वाचले, असा हिशेब काहीजण मनात करतात. मग पान्हा फुटत नाही म्हणून रोज इंजेक्शन टोचतात. ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकताही येत नाही. मुक्या जनावराशी असे वागणे मला अजिबात मान्य नाही.

वार बहुधा आठ ते बारा तासांत पडते. तोवर ती ओढू नका, तिला वीट किंवा चप्पल बांधू नका. बांबूचा पाला घालत दोन-दोन दिवस वाट पाहणाऱ्यांच्या गायी शेवटी माझ्याकडे कुजलेल्या गर्भाशयानिशी येतात. पडलेली वार उघड्या हाताने उचलू नका. जनावराला सांसर्गिक गर्भपात असेल तर तो रोग माणसालाही लागतो आणि त्याचा ताप महिनोन्महिने सोडत नाही. हातमोजे घाला. वार बावखलात किंवा ओढ्यात टाकू नका. पावसाळ्यात आपल्याकडे खड्ड्याला लगेच पाणी लागते, म्हणून विहिरीपासून लांबचा उंच बांध निवडा, वर चुना टाका आणि कुत्री उकरणार नाहीत असे दगड ठेवा. चार ते आठ महिन्यांच्या माद्यांना सांसर्गिक गर्भपाताची लस सरकारी मोहिमेत मोफत टोचली जाते, आयुष्यात एकदाच. वय निघून गेल्यावर येऊ नका.

एक वेत झाले की सगळा पेंढा बाहेर काढा, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने जमीन घासा आणि पूर्ण वाळू द्या. मगच दुसरे जनावर आत घ्या. पाणमोट फुटून, जोरात कळा देऊनही दोन तासांत वासरू पुढे सरकले नाही, किंवा एकच पाय दिसतो आहे, तर चार माणसे जमवून दोर लावू नका. १९६२ या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात माणूस पाठवा, आणि डॉक्टर येईपर्यंत गरम पाणी, साबण आणि चांगला उजेड तयार ठेवा.