बिनतारी बिल्ला व जनावरांची ओळख

गुरांच्या कानांत बिनतारी बिल्ला घातल्यास रानांत चुकलेली गाय घरबसल्या सांपडते, असा कित्येकांचा समज आहे. तो खरा नव्हे. ह्या बिल्ल्यांत विजेचा घट नसतो; तांब्याच्या तारेचें वेटोळें व क्रमांक साठविलेली बारीकशी चिप, एवढेंच असतें. वाचकयंत्र जवळ आणिलें म्हणजे त्याच्या चुंबकीय क्षेत्रानें वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते व बिल्ला आपला क्रमांक कळवितो. हें सामान्यतः हाता-दोन हातांच्या अंतरावरच घडतें. त्यापलीकडे बिल्ला मुका.

मग उपयोग काय? जमिनीस जसा गट नंबर, तसा जनावरास हा क्रमांक. जनावर कोणकोणत्या गोठ्यांतून फिरलें हें नोंदींवरून कळतें व रोगाच्या साथीचा माग लागतो. ह्याच हेतूनें ऑस्ट्रेलियांत २००५ सालीं गुरांस असे बिल्ले देशभर सक्तीचे झाले. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा पिवळा बिल्ला मात्र बिनतारी नव्हे. त्यावरील छापील १२ अंकी क्रमांक वाचावयाचा असतो.

बिल्ला कोणताही असो, आमची सूचना एकच: खरेदी-विक्री, लस व विमा ह्यांच्या कागदांवरील क्रमांक जनावराच्या कानाशीं दर वेळीं ताडून पाहावा. एक अंक चुकला तरी बिल्ला असून नसल्यासारखाच.