दाराबाहेर उभी असलेली आई
शास्त्रपाठ: मार्क ३:२०–३५, ७:९–१३, १०:२८–३०, प्रेषितांचीं कृत्यें १:१४

आजच्या पाठाचा विषय आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांस परका नाहीं. एक भाऊ मंडळींत आहे व दुसरा नाहीं, अशीं घराणीं सोलापूर जिल्ह्यांत थोडीं नाहींत. आषाढीचे दिवस आले म्हणजे पंढरपुरास निघालेले चुलते व मामा एखाद्या ख्रिस्ती घराच्या ओट्यावर टेकतात, आणि घरधन्याच्या मनांत प्रश्न उभा राहतो: हे माझे कोण? आणि रविवारीं ज्यांच्या शेजारीं मी बसतों, ते माझे कोण?

मार्काच्या तिसऱ्या अध्यायांत प्रभु घरांत शिकवीत आहे. त्याची आई व भाऊ बाहेर उभे राहून त्याला बोलावणें पाठवितात. तो सभोवार बसलेल्यांकडे पाहतो, व देवाच्या इच्छेप्रमाणें चालणारे तेच आपले आप्त, असें सांगतो. हें वचन वाचून नातीं तोडण्याचा जणूं परवानाच मिळाला असें कित्येकांस वाटतें. परंतु २१ वें वचन पाहा. त्याचें भान सुटलें आहे असें समजून त्याला धरून नेण्यास त्याचे आप्त निघाले होते. प्रभूनें नाकारली ती त्यांची माया नव्हे, तर त्याच्या कार्यावर त्यांनीं चालवूं पाहिलेली सत्ता होय. आणि सातव्या अध्यायांत तोच प्रभु, आईबापांच्या पोषणाचें द्रव्य ‘कुर्बान’ म्हणून देवाच्या नांवें लावून मोकळे होणाऱ्यांस कडक शब्दांत दोष देतो.

त्या काळचें कुर्बान द्रव्याचें होतें. आपलें बहुधा वेळेचें असतें. सोमवारीं कमिटी, बुधवारीं प्रार्थनासभा, शनिवारीं शेजारच्या गांवीं भजन. आणि घरीं अंथरुणास खिळलेली म्हातारी एकट्या सुनेच्या अंगावर. देवाच्या कामास गेलों होतों, या उत्तरापुढें ती बिचारी काय बोलणार? तिचें गप्प बसणें म्हणजे संमति, असें आम्ही पुरुष फार लवकर धरून चालतों. आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयीं पौलानें १ तीमथ्य ५:८ मध्यें जे शब्द वापरले आहेत, ते इतके कठोर आहेत कीं, आम्हां कार्यकर्त्यांच्या बैठकींत ते वाचावयास कोणी पुढें होईल असें वाटत नाहीं.

आतां दुसरी बाजू. प्रभूसाठीं ज्यानें घर, भाऊ, आई सोडली, त्याला याच काळीं शंभरपट घरें, भाऊ व आया मिळतील, असें अभिवचन मार्काच्या दहाव्या अध्यायांत आहे. हीं घरें आकाशांतून उतरत नाहींत. तीं मंडळीचींच घरें होत. ज्याला भाऊबंदांनीं टाकलें, त्याच्या मुलीचें लग्न कोणीं जुळवावें? त्याच्या बायकोच्या बाळंतपणांत कोणीं निजावयास जावें? मंडळी हें करीत नसेल, तर त्याला मिळालेलें अभिवचन आपणच अडवून धरिलें आहे.

या दोन्ही गोष्टींचा मेळ कसा बसतो, याचें एक उदाहरण आपल्या जिल्ह्याशीं जोडलेलें आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला. संसार दुभंगला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन कांहीं काळ पंढरपुरास नातेवाइकांच्या घरीं राहिल्या. टिळकांस मंडळींत नवे बंधु मिळाले होते, काम मिळालें होतें. तरी आतां हेंच माझें कुटुंब, असें म्हणून त्यांनीं जुन्या घराकडे पाठ फिरविली नाहीं. पत्रें चालू ठेविलीं. पुढें लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या त्या आपलें सोवळें घेऊनच आल्या. एका संसारांत दोन चुली झाल्या, आणि टिळकांनीं तें चालूं दिलें. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत त्यांनीं आपलें दुःख लपविलें नाहीं, तसा टिळकांचा तऱ्हेवाईकपणाहि झांकला नाहीं. तो संसार आदर्श होता असें मी म्हणत नाहीं. दार उघडें राहिलें होतें, एवढेंच म्हणतों.

आणि आपल्या पाठांतील दाराबाहेरची ती आई? प्रेषितांच्या कृत्यांत, १:१४ येथें, ती व प्रभूचे भाऊ माडीवरच्या खोलींत शिष्यांबरोबर प्रार्थना करीत आहेत. बाहेरचीं माणसें आंत आलीं होतीं.

तेव्हां ओट्यावर आलेल्या चुलत्यास पाणी द्यावें, भाकरी द्यावी, निजावयास घोंगडें द्यावें. त्याच्या घरीं मरण झालें तर जावें, खांदा द्यावा, दुखवट्याच्या घरीं पिठलें-भाकरी न्यावी. पिंडाच्या वेळीं नम्रपणें बाजूला बसावें, आणि कोणी विचारल्यास कारण सांगावें. अशा दिवशीं कोणी उपासनेस आला नाहीं, तर मंडळीनें त्याची गैरहजेरी मांडण्यापूर्वीं तो कोठें होता हें विचारावें.

पुढील वर्गांत पाळकांनीं एकच प्रश्न चर्चेस घ्यावा: या आठवड्यांत आपल्यापैकीं कोणाला सभेस न बोलावितां घरीं राहूं द्यावें, आणि ज्याला घर उरलें नाहीं, त्याला जेवावयास कोणी बोलवावें?