केस गळाले, टी-फोर कमी आला. गोळी सुरू करायची का?

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर आठ वर्षांची आहे. दोन्ही कुशींवरचे केस विरळ झालेत, शेपटीचे जवळजवळ गेलेच. खाज अजिबात नाही. रक्ततपासणीत टी-फोर कमी आला. थायरॉइडची गोळी सुरू करावी का?

उत्तर : एवढ्या एका आकड्यावर नको. टी-फोर (थायरॉइडचं हॉर्मोन) नॉर्मल आला तर थायरॉइडचा आजार बहुधा नसतो. पण कमी आला म्हणून आजार आहेच, असं मात्र म्हणता येत नाही. दुसऱ्या कुठल्याही दुखण्यात तो उतरू शकतो. स्टेरॉइड, फिटसाठी दिलेलं फिनोबार्बिटोन आणि सल्फा गटातली औषधंही त्याला खाली आणतात. ग्रेहाउंडसारख्या जातींमध्ये तर तो मुळातच कमी असतो.

‘गोळी देऊन बघू, केस आले तर निदान बरोबर’ हा हिशेबही चुकतो. थायरॉइड हॉर्मोन केसांच्या वाढीला चालना देतं, त्यामुळे ग्रंथी ठणठणीत असलेल्या कुत्र्यालाही गोळीने केस येऊ शकतात. खरा आजार तेवढा मागे लपून राहतो.

म्हणून आधी त्वचा तपासून घ्या. खाज नाही म्हणजे हॉर्मोनच, असं समजू नका. डेमोडेक्स हे सूक्ष्म किडे आणि नायटा, दोन्ही खाजेविना केस घालवू शकतात. त्वचा खरवडून आणि उपटलेले केस मायक्रोस्कोपखाली पाहून बरंच कळतं. मात्र उतारवयात पहिल्यांदाच डेमोडेक्स सापडला, तर तिथे थांबू नका. प्रतिकारशक्ती कमी करणारा एखादा हॉर्मोनचा आजार त्यामागे असू शकतो.

हॉर्मोनमुळे केस जातात तेव्हा ते साधारणपणे अंगाच्या दोन्ही बाजूंना सारखेच जातात; डोकं आणि पाय बरेचदा वाचतात. थायरॉइड मंदावलं की कुत्रं सुस्तावतं, खाणं तेवढंच असूनही वजन वाढतं, थंडी सोसत नाही, कातडी काळवंडते. शेपटीचे केस जाणं हीसुद्धा त्याचीच खूण.

कुशिंगच्या आजारात शरीरात कॉर्टिसॉल वाढतं. पोट सुटतं, कातडी पातळ होते, कुत्रं सतत धापा टाकतं, भूक आणि तहान वाढते. तहान घरीच मोजा. भांड्यात मापून पाणी ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं वजा करा. किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे ३० किलोच्या कुत्रीने दिवसाला ३ लिटरच्या वर पाणी प्यायलं, तर ते नक्कीच जास्त आहे. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारातही असं होतं, म्हणून त्याही तपासण्या लागतात. कुशिंगसाठी डेक्सामेथासोनचं छोटं इंजेक्शन देऊन चार आणि आठ तासांनी कॉर्टिसॉल मोजतात.

हाच आजार आपल्या हातूनही होतो. खाजेसाठी महिनोन् महिने दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शनं, इतकंच काय, घरातलं माणसांचं स्टेरॉइडचं मलमसुद्धा त्याला पुरतं. डॉक्टरांना हे न लपवता सांगा, पण औषध एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असतं, त्यामुळे डोस हळूहळूच उतरवावा लागतो.

नर कुत्र्याचे असे केस गेले तर वृषण तपासून घ्या. पोटातच राहिलेल्या वृषणात गाठ होऊन स्त्री-हॉर्मोन वाढू शकतं. मग स्तनाग्रं मोठी होतात. उपाय शस्त्रक्रियेचा. पॉमेरेनियनचे केस मात्र उन्हाळ्यात मशीनने कापल्यानंतर हॉर्मोन ठीक असूनही कधी कधी महिनोन् महिने येत नाहीत, म्हणून आधी ग्रूमिंग कधी केलं ते आठवा.

आता तुमच्या लॅब्रॅडॉरबद्दल. त्वचेचा आजार नाही, तहान बेताची आहे, स्टेरॉइड चालू नाही, एवढं ठरलं की टी-फोरसोबत फ्री टी-फोर, टीएसएच आणि कोलेस्टेरॉल तपासा. फ्री टी-फोर कमी आणि टीएसएच जास्त आलं तर निदान पक्कं धरता येतं. आजार असूनही काही कुत्र्यांत टीएसएच नॉर्मल राहतं. तिथे लक्षणं आणि बाकीचे आकडे एकत्र वाचावे लागतात.

निदान झालं तर गोळी बहुतेक आयुष्यभराची. कुत्र्यांचा डोस माणसांपेक्षा वेगळा असतो, म्हणून घरातल्या कुणाची गोळी अर्धी करून देऊ नका. तरतरी काही आठवड्यांतच येते, केसांना काही महिने लागतात. तेवढा धीर धरा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त पुन्हा तपासून डोस जुळवून घ्या.